पाणी आलं तर उठायचं कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या गेमच्या व्यसनावर पानभर मजकूर आला होता. आईबाप कुठं चुकतात, मुलं हट्टी कशी होतात, शाळांनी काय करावं, सगळं त्यात होतं. गेम बांधलेला कसा असतो, यावर मात्र एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी काही मानसतज्ज्ञ नाही. २००३ ते २०१४ अशी ११ वर्षं लातुरात औसा रोडला नेट कॅफे चालवला. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स काढतो आणि ऑनलाइन फॉर्म भरून देतो. वय ४७. रात्री शटर ओढल्यावर तासभर गेम खेळतो. मला त्याची लाज वाटत नाही, आमच्या साडूंना वाटते.

माझी तक्रार एकच आहे. गेम माणसाला उठू देत नाही. आपण म्हणतो, लेकरू उठत नाही. पण उठायची सोय कुणी ठेवलीय का, हे आधी बघायला नको का?

कॅफेत सहा कॉम्प्युटर होते. तासाला २० रुपये. गिऱ्हाईक म्हणजे ट्युशनची पोरं; एक क्लास सुटून दुसरा भरेपर्यंतचा तास-दीड तास ती माझ्याकडं काढायची. त्या काळी सगळ्यांना एकच गेम हवा असायचा, 'व्हाइस सिटी'. २००२ चा गेम, पण आमच्याकडं त्याची चलती पुढं कितीतरी वर्षं होती. ज्यांनी तो खेळलाय त्यांना आठवत असेल, त्यात केव्हाही सेव्ह करता येत नाही, म्हणजे कुठवर आलो ते जपून ठेवता येत नाही. आपल्या मालकीच्या घरात जायचं, तिथं एक कॅसेट तरंगत असते, तिच्यावर जाऊन उभं राहायचं, मग सेव्ह. मिशन, म्हणजे गेमनं दिलेली कामगिरी, चालू असताना तर नावच नको. अर्धं मिशन झालं आणि काही बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता यात लातूरचं लोडशेडिंग घाला.

लाइट गेली की यूपीएस टी-टी करायला लागायचे. माझ्या बॅटऱ्या जुन्या, पाच मिनिटं टिकल्या तरी देव पावला म्हणायचं. मी ओरडायचो, "बंद करा रे सगळे, नीट शटडाउन करा!" आणि कोपऱ्यातून आवाज यायचा, "काका, एकच बॉम्ब राहिलाय!" ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब एकेक करून नेऊन ठेवायचे, वेळ मोजलेला, आणि हेलिकॉप्टर असं चालायचं की जणू दारू पिऊन निघालंय. पोरांनी चार-चार दिवसांचे वीस-वीस रुपये त्या एका मिशनवर घातले. तीन बॉम्ब ठेवून झाले, चौथा उचलला, आणि पडदा काळा. त्या पोराचा चेहरा मी विसरलो नाही. त्याच्याकडून पैसे घ्यायला हात होत नसे. (घेत होतो. भाडं मलाही भरायचं होतं.)

त्यातही सेव्ह करायला जागा फक्त आठ. एका मशीनवर खेळणारी पोरं तीस-चाळीस. सेव्हला स्वतःचं नाव देता येत नव्हतं, शेवटच्या मिशनचं नाव तेवढं दिसायचं. मग कुणाचं कुठलं, हे उधारीच्या वहीत मीच लिहून ठेवायला लागलो. 'मशीन ३, जागा ५, अहमदपूरचा चष्मेवाला.' 'मशीन ३, जागा ६, निलंगा, हात लावू नये.' तरी एखादा नवखा यायचा, नवीन गेम सुरू करायचा आणि बिनधास्त पाच नंबरवर सेव्ह करून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पानिपत. बारावीच्या वर्षाला असलेल्या, दाढी फुटलेल्या पोराला मी त्यापायी रडताना पाहिलंय. घरून आलेल्या फोनवर तो सांगत होता, "काही नाही आई, सर्दी झालीय."

कुणी म्हणेल, जुने गेम, जुने कॉम्प्युटर, तेव्हा जागाच कमी होती. बरोबर आहे. आणि काही ठिकाणी ती काटकसर मुद्दाम केलेली असते, हेही मी मान्य करतो. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये टाइपरायटरवर सेव्ह करायचं आणि त्याची शाईची रिबन मोजकीच मिळते. रिबन संपेल या धास्तीनं माणूस प्रत्येक दार उघडताना दहा वेळा विचार करतो. तिथं न मिळणाऱ्या सेव्हमुळंच भीती वाटते, तो गेमचाच भाग आहे. त्याला माझी ना नाही.

पण २०१८ साली 'किंगडम कम' नावाचा गेम आला, त्यात हवं तेव्हा सेव्ह करायचं तर एक खास दारू प्यावी लागायची. नाहीतर झोपायला आपला पलंग गाठायचा. खेळणाऱ्यांनी बोंब मारली की अहो, आम्हाला सारखं सेव्ह करून लबाडीनं पुढं जायचं नाही, आम्हाला फक्त जेवायला उठायचंय. कंपनीनं ऐकलं. गेम सोडून जाताना सेव्ह व्हावं, एवढी सोय नंतर करून दिली. त्यानं गेमची मजा काही कमी झाली नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं!

आता पाण्याचं सांगतो.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला पाजलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या वर्षानंतर आमच्या घरात पाणी आलं की बाकी सगळं थांबतं. देवपूजासुद्धा. वेळ ठरलेली नसते. रात्री साडेअकराला येईल, पहाटे तीनला येईल. खालून आईची हाक येते, "आरं पाणी आलंय, ऊठ की!" अशा वेळी उठायचंच असतं. हौद, टाकी, पिंपं, घागरी, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा.

आणि मी ज्या जातीचे गेम खेळतो त्यांना पॉजच नाही, म्हणजे मध्येच थांबवून ठेवायची सोयच नाही. तलवार घेऊन राक्षसांशी लढायचं, मेनू उघडला तरी राक्षस थांबत नाही. तुम्ही मेनूत औषध शोधताय आणि तो मागून डोक्यात घालतो. २००९ च्या 'डीमन्स सोल्स'पासून ही रीत आहे, २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्येही तीच. बरं, हे लोक न्यायानं वागतात असंही म्हणायला पाहिजे, कारण गेम क्षणाक्षणाला आपोआप सेव्ह होत असतो. लाइट गेली तर फारसं नुकसान नाही. म्हणजे लोडशेडिंगचा विचार झालाय, नळाचा राहिलाय. नेट जोडलेलं असलं की दुसरे खेळणारे आपल्या गेममध्ये शिरू शकतात, म्हणून पॉज नाही, असं कारण देतात. पण नेट काढून एकटा खेळत असलो तरी पॉज नाहीच. गंमत म्हणजे 'एल्डन रिंग'मध्ये मेनूची माहिती वाचायचा एक पडदा आहे, तो उघडला की सगळं जग थांबतं. लोकांनी ते शोधून काढलं. म्हणजे थांबवता येतं, फक्त दारावर पाटी लावलेली नाही. याच कंपनीच्या २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये तर चांगला राजरोस पॉज आहे, आणि तो गेम काही सोपा झालेला नाही. मी अजून अर्ध्यावरही नाही.

गेल्या महिन्यात असल्याच एका गेममध्ये दीड तास खपून मी एका राक्षसाला टेकीला आणला होता. दोन फटके राहिले असतील. तेवढ्यात आईची हाक. "आलो, आलो" म्हणत मी दोन फटक्यांसाठी थांबलो. ते दोन फटके काही बसले नाहीत. खाली गेलो तेव्हा आईनं या वयात स्वतः मोटर लावली होती आणि हौदापर्यंत पाइप ओढत होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चूक माझीच आहे. पण एक बटण असतं तर ती झाली नसती, एवढंच म्हणणं आहे.

याच कुळातल्या आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो. राक्षसाच्या आधी पाच मिनिटांचं भाषण असतं, ते पहिल्यांदा ऐकायला छान. हरल्यावर तेच भाषण पुन्हा पूर्ण ऐकवतात, पुढं ढकलू देत नाहीत. सोळाव्यांदा हरलो तेव्हा मला ते पाठ होतं. आणि अक्षरं! माझ्या चाळिशीच्या चष्म्यातूनही न दिसणारी, मुंगीएवढी. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अक्षरांच्या आकारापासून आवाजापर्यंत अशा ६० हून जास्त सोयी होत्या, बाकीच्यांनी अक्षर मोठं करायची एक तरी द्यावी.

नेटचंही तसंच. एकट्यानं खेळायचा गेम, तरी सतत नेट पाहिजे. २०१२ मध्ये 'डायब्लो थ्री' आला तेव्हा पहिल्याच दिवशी सर्व्हर गर्दीनं बसले आणि पैसे भरून घेतलेला गेम लोकांना स्वतःच्या घरात उघडता येईना. पुढच्या वर्षी शहर वसवायच्या 'सिमसिटी'नं तेच केलं, आणि बिननेटचं खेळू द्यायला २०१४ उजाडलं. अमेरिकेत ही गत, तर आमच्याकडं पावसाचे चार थेंब पडले की केबल बसते, तिथं काय होत असेल ते सांगायला नको.

इथपर्यंतचं मी निष्काळजीपणा म्हणून सोडून देतो. करणाऱ्यांच्या डोक्यात आपला नळ नाही, आपली लाइट नाही. मोबाइलवरच्या गेमचं मात्र तसं नाही. तिथं सगळं डोक्यात ठेवूनच केलेलं असतं.

आमच्या घरी बायको गोळ्या जुळवायचा गेम खेळते. २०१२ च्या 'कँडी क्रश'पासून रूढ झालेली पद्धत, पाच जीव असतात, संपले की अर्ध्या तासाला एक परत मिळतो, घाई असेल तर पैसे टाका. आधी मला वाटलं, बरंच झालं, हा तरी उठवतो. मग लक्षात आलं की हा उठवतो ते पुन्हा बसवण्यासाठी. पोळ्या लाटताना फोन टिंग करतो, जीव भरलेत म्हणून. ऊठ म्हणणारा तोच आणि बस म्हणणाराही तोच. बायकोचं त्यात काही चालत नाही.

भाच्याचं तर विचारूच नका. रोज एकदा गेम उघडला की बक्षीस, सलग सात दिवस उघडला की मोठं बक्षीस. नवरात्रात सगळे तुळजापूरला गेलो. गर्दीत रेंज मिळेना. पोरगं दर्शनाच्या रांगेत रडवेलं, कारण सहाव्या दिवशीची साखळी तुटली. आमच्या आईनं विचारलं, "कसली माळ चुकली रं तुझी?" तिला घटाची माळ वाटली. ती म्हणाली, देवीसुद्धा एका माळेवरून एवढी रुसत नाही.

तो शंभर जणांच्या लढाईचा गेमही खेळतो. त्याला पॉज नाही, आणि ते मला मान्य आहे. एकाला पाणी आलं म्हणून बाकीच्या नव्याण्णवांना ताटकळत ठेवता येत नाही. पण मग अर्ध्यातून उठलेल्या पोराला दंड लावू नका. आणि 'फक्त दोन तास शिल्लक' अशी पाटी लावून जी बंदूक विकता, तीच पुढच्या महिन्यात पुन्हा 'फक्त दोन तास' म्हणून आणू नका.

याला नाव आहे, नियमही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला गंडवायच्या १३ तऱ्हा त्यात नाव घेऊन दिल्यात. खोटी घाई दाखवणं त्यात आहे, सतत टोचणी लावणंही आहे. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ मध्ये वेगळा कायदा झाला, तो जुगाराचा विषय, मी त्यात शिरत नाही. पण ही १३ तऱ्हांची यादी तुमच्या त्या पानभर मजकुराशेजारी चौकटीत छापली असती, तर पोरांना शहाणपण शिकवण्यापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

आपल्याला एक विनंती आहे. सिनेमाच्या परीक्षणाशेजारी तो किती तासांचा आहे हे छापता. मोबाइलवरच्या नव्या गेमबद्दल अधूनमधून लिहिता, तिथंही चार शब्द छापत जा. मध्येच थांबवता येतो का, उठताना सेव्ह होतो का, नेटशिवाय चालतो का, आणि न खेळल्याचा दंड लावतो का. ग्राफिक्स कसे आहेत ते आम्हाला चित्रात दिसतंच. गेम तयार करणारी माणसं आता लांब राहिलेली नाहीत. 'राजी' हा २०२० चा गेम पुण्यातल्या मंडळींनी केला. त्यांच्यापैकी कुणाचं तरी आजोळ आमच्याकडं असेल. त्यांनी एकदा उन्हाळ्यात आठ दिवस येऊन राहावं, गेम घेऊन यावं. राहायची सोय मी करतो, पाण्याची शाश्वती देत नाही.

उद्या-परवा आमची पाण्याची पाळी आहे, म्हणून पत्र आजच पाठवतोय.

आपला,
एक जुना नेट कॅफेवाला
लातूर