पट 30 सप्टेंबरचा, टोळ्या दिवाळीच्या

महोदय,

माध्यमिक शाळांत मुलींचं प्रमाण मुलांच्या बरोबरीला आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका अनुदानित शाळेत 32 वर्षं लिपिक होतो. असे आकडे ज्या कागदांवरून निघतात, ते कागद मी भरत आलो आहे. म्हणून हे पत्र.

शाळेची पटसंख्या 30 सप्टेंबरची धरतात. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं, त्याच पटावर ठरते. त्यामुळे त्या दिवशी एकही नाव कमी होऊ नये, अशी सगळ्यांची धडपड असते. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मात्र निघतात दसरा-दिवाळीनंतर. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन खर्चही झालेली असते, जाणं टळत नाही. एका वर्षी नववीच्या पटावर 24 मुली होत्या आणि संक्रांतीनंतर बाकांवर 11. मी दारात उभा राहून मोजल्या होत्या. सरकारला गेलेल्या आकड्यात त्या 24च राहिल्या.

मुलंही जातात. पण मुलगा आजीजवळ मागे राहतो, वयात आलेल्या मुलीला आईबाप मागे ठेवायला घाबरतात. ती भीती खोटी नाही. उसाच्या फडावर कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, दार नसतं, तिथंही तिला एकटी कशी ठेवायची? मग लग्न उरकतात. शिवाय ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल जोडीला मिळते. त्यामुळे मुलाकडच्यांनाही घाई असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात 21.9 टक्के होत्या, बीडमध्ये 43.7.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात मी शेकडो वेळा 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. 'लग्न झाल्यामुळे' असं एकदाही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढं पोलीस आले असते, आणि मला त्याच गावात राहायचं होतं. याची मला लाज वाटते. एक मुलगी दोन वर्षांनी कडेवर लेकरू घेऊन दाखल्यासाठी आली. जन्मतारखेनं तिला तेव्हा सतरावं चालू होतं. सही करून दाखला हातात दिला, तर ती म्हणाली, "सर, दहावीला बसता येईल का आता?" सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण त्या वर्षीची मुदत संपली होती. पुढच्या वर्षी ये म्हणालो. ती आली नाही, आणि मीही तिच्या सासरी निरोप धाडला नाही.

बरोबरीबद्दल आणखी एक. शंभर मुलांतली किती शाळेत आणि शंभर मुलींतली किती, अशी ती तुलना असते. मुळात मुली किती आहेत, हे त्यात दिसतच नाही. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. तीच लेकरं पुढं माध्यमिक शाळेत आली. एकही मुलगी गळाली नाही असं धरलं तरी 60च्या वर्गात मुली 27 भरतात. बाकीच्या जन्मालाच आल्या नाहीत.

शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षाशी, आठवीशी थांबतो. आईबाप जिल्ह्याबाहेर असताना मुलीला ठेवायची खात्रीची जागा नेमकी त्यानंतर लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 साली जाहीर झाली. त्यातल्या मुलींच्या वसतिगृहांचे प्रवेश टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजेत. दिवाळीनंतर यादी लागून उपयोग नाही. आणि शिक्षण विभागाने फेब्रुवारीत, ऐन हंगामात, नववी-दहावीच्या मुलींची हजेरी वर्गात जाऊन मोजावी व तो आकडा 30 सप्टेंबरच्या पटाशेजारी छापावा. एका दिवसाचं काम आहे.

माझं नाव व गाव छापू नये ही विनंती. त्यावरून त्या मुली ओळखू येतील.

– एक निवृत्त लिपिक, जि. बीड