निस्तार म्हणजे विस्तार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर्व विदर्भातल्या एका गावाने ‘विस्तार हक्क’ मागितल्याची बातमी आपल्या अंकात गेल्या आठवड्यात वाचली. गावाने मागितला आहे तो निस्तार हक्क. शब्द अनोळखी वाटला म्हणून कुणी तो ‘दुरुस्त’ केला असावा, पण एका अक्षराने मागणीच फिरली. निस्तार मागणारा गावच्या रानातून चुलीपुरते सरपण मागतो. विस्तार मागणारा जमीन बळकावायला निघाल्यासारखा वाटतो.

मी निवृत्त पटवारी आहे. हा शब्द माझ्या दप्तरात रोजचा होता, म्हणून राहवले नाही.

मूळ संस्कृत अर्थ पार जाणे, तरून जाणे. ‘केलंस ना, आता निस्तर’ असे आपण घरात म्हणतो, ते क्रियापद याच शब्दाचे. आपल्याकडच्या खेड्यांत मात्र निस्तार म्हणजे रोजची नड भागणे. सरपण, वखर-तिफणीला लाकूड, कुंपणाला काट्या, गुरांना चराई, भिंतीला माती, मुरूम. ‘या तळ्यावर गावाचा निस्तार आहे’ असे कुणी म्हटले की धुणे, आंघोळ, जनावरांचे पाणी सगळे त्यात आले. एवढे सगळे एका शब्दात सांगणारा दुसरा शब्द मला तरी मराठीत सापडलेला नाही.

पुणे-साताऱ्याकडच्या वाचकाला तो ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजारच गावचा मालक. रान, पडीत, तलाव मालगुजाराच्या नावे, पण त्यावर गावाची वहिवाट. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या जमिनी सरकारकडे आल्या, तरी गावाची नड थोडीच संपणार होती! म्हणून निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या निस्ताराची सरकारी नोंद. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१पासून त्याची तरतूद आहे आणि ते प्रकरण फक्त विदर्भालाच लागू आहे. पाणी आणि वाटेच्या रूढी वाजिब-उल-अर्ज या दुसऱ्या कागदात नोंदतात. निस्तारपत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊनच तो पक्का करायचा, असे संहिता सांगते. चराई, लाकूड, जळण कुणी कसे घ्यायचे, हे त्यात लिहिलेले असते. गावच्या कारागिरांच्या सवलतीचाही त्यात विचार आहे.

हल्ली ‘तक्रारींचे निस्तारण’ असेही छापून येते. ते हिंदीतले, अर्थ निपटारा. त्याचा या हक्काशी संबंध नाही.

कृपया त्याच पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापावी. खेड्यातली माणसे अर्जाला बातमीचे कात्रण जोडतात, हे मी नोकरीत कितीदा पाहिले आहे. तहसील कचेरीत ते कात्रण पोहोचेल, तेव्हा त्यावर ‘निस्तार’च लिहिलेले असायला हवे.

आपला,
एक निवृत्त पटवारी, नागपूर