खाणगावांचे चित्रपट आणि सोलापूरच्या गिरण्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खाणकामगारांच्या जीवनावरील चित्रपटांचे चित्रीकरण प्रत्यक्षात कोठे झाले, याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. कथेतले गाव एक आणि पडद्यावरचे भलतेच, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, हा त्यातील सूर मात्र पटला नाही. ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९४१) मधील वेल्सचे खाणगाव कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात उभारले गेले, कारण महायुद्धामुळे वेल्समध्ये चित्रीकरण शक्य नव्हते. ही फसवणूक असेल, तर रंगमंचावरचे सारे नेपथ्यही फसवणूकच मानावे लागेल.

मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वेगळा आहे. इंग्लंडमधील खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाची पार्श्वभूमी असलेल्या ‘बिली एलियट’ (२०००) मधले एव्हरिंग्टन काल्पनिक असले, तरी त्यातली घरे आणि गल्ल्या डरहॅम परगण्यातील ईझिंग्टनच्या आहेत. परंतु तेथील खाण १९९३ मध्येच बंद झाल्याने खाणीची दृश्ये शेजारच्या नॉर्थम्बरलँडमधील एलिंग्टन व लाइनमथ येथे घ्यावी लागली. म्हणजे जे गाव खाणीमुळेच वसले, त्याला पडद्यासाठी खाण उसनी आणावी लागली. पुढे चित्रपटात दिसणाऱ्या ॲनिक स्ट्रीटवरील घरेही पाडण्यात आली.

याउलट पेनसिल्व्हेनियातील एकली हे १८५४ मध्ये वसवलेले कोळसा कंपनीचे गाव ‘द मॉली मॅग्वायर्स’ (१९७०) या चित्रपटामुळे नामशेष होण्यापासून वाचले आणि आज ते संग्रहालय आहे. कोळसा फोडून त्याची प्रतवारी करणाऱ्या कारखान्याची अवाढव्य लाकडी प्रतिकृती चित्रीकरणासाठी तेथे बांधली होती. जिच्यात कोळशाचा एक खडाही कधी फुटला नाही, ती प्रतिकृती त्या गावात जपली गेली, हा योगायोग गमतीचा खराच. पण तिच्या भोवतीची कामगारांची घरे अस्सल आहेत.

आपल्या सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. उद्या कोणी गिरणी कामगारांच्या जीवनावर चित्रपट काढण्यासाठी येथे आला, तर त्याला दाखवण्याजोगे काय शिल्लक असेल? चित्रपट येईल आणि एखादी चाळ वाचेल, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ज्या वास्तू व चाळी अद्याप उभ्या आहेत त्यांचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे आताच तयार व्हावीत. तसेच साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, पाळ्या केलेल्या वृद्ध कामगारांच्या आठवणी, पूर्व भागातील तेलुगू भाषकांच्या आणि शहरातील कन्नड भाषकांच्याही, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. सोलापूर विद्यापीठाने हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घ्यावे आणि महापालिकेने त्यासाठी आपल्याकडील जुने बांधकाम नकाशे खुले करावेत, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर