लिलावाच्या कॅटलॉगमधील वर्णन ही शोभेची बाब नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरकर भोसले घराण्यातील, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब असलेले रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली, तेव्हा स्वागत-समारंभाच्या बातम्या आपल्या पत्रासह सर्वत्र सविस्तर छापून आल्या. परंतु ही तलवार रघुजींचीच आहे हे ठरले कशावरून, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. पाते युरोपीय बनावटीचे आहे. तेवढेच पाहिले असते तर सतराव्या-अठराव्या शतकातील दख्खनच्या अनेक फिरंगींपैकी (युरोपीय पात्याच्या तलवारींपैकी) ती एक ठरली असती. पात्याच्या पाठीवर सोन्याने काढलेला ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ हा देवनागरी लेख कुणीतरी वाचला आणि नोंदवला, म्हणून त्या वस्तूचे नाते नागपूरशी जुळले आणि विक्रीच्या तोंडावर का होईना, बातमी इथवर पोहोचली.

या प्रसंगाच्या निमित्ताने लिलावात निघणाऱ्या जुन्या वस्तूंच्या, विशेषतः दागिन्यांच्या वर्णनाविषयी काही मुद्दे आपल्या वाचकांपुढे मांडावेत, म्हणून हे पत्र. अंतिम बोली किती कोटींची झाली हे ठळक मथळ्यात छापले जाते. त्या आधी कॅटलॉगमध्ये वस्तूविषयी काय लिहिले होते आणि काय लिहायचे राहिले होते, हे कुणी विचारत नाही. वास्तविक घेणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या आणि पुढे संशोधन करणाऱ्याच्याही हातात कागदोपत्री उरते ते तेवढेच. वस्तू एखाद्या खासगी तिजोरीत गेली की पुन्हा तीस-चाळीस वर्षे कुणाच्या दृष्टीस पडेल याची शाश्वती नसते.

नाशिकच्या नावाने जगभर ओळखला जाणारा हिरा याचे चांगले उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असलेला हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले गेले, १८३७ मध्ये तो लिलावात विकला गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे पोहोचला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला, तेव्हा मुळात नव्वद कॅरेटच्या आसपास असलेल्या हिऱ्याचे वजन ४३.३८ कॅरेट उरले. एप्रिल १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट गॅलरीत तो ५ लाख डॉलरना गेला. म्हणजे निम्म्याहून अधिक हिरा नाहीसा झाला, घाट संपूर्ण बदलला, कोंदण बदलले. आज त्र्यंबकेश्वरातून गेलेला हिरा तोच हे आपण सांगू शकतो ते केवळ प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वजन, आकार आणि मालकाचे नाव लिहून ठेवले म्हणून. या साखळीतील एका नोंदीत वजन गाळले गेले असते, तर पुढच्या नोंदी लटक्या पडल्या असत्या.

बडोद्याच्या मोत्यांचीही अशीच कथा आहे. खंडेराव गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘बडोदा पर्ल्स’ म्हणून जो हार सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला, तो दोन पदरांचा, ६८ मोत्यांचा होता. वर्णनात पदरांचा आणि मोत्यांचा आकडा स्पष्ट होता, म्हणून आपल्याला निदान एवढे कळते की मूळ हाराचा हा एक अंश आहे. नुसते ‘बडोदा संस्थानचा मोत्यांचा हार’ असे लिहिले असते, तर तेही खोटे ठरले नसते. आणि अशा खोट्या न ठरणाऱ्या अर्धवट वाक्यांचाच या धंद्यात अधिक सुळसुळाट आहे.

राजघराण्यांच्या दागिन्यांवर लिलावगृहे निदान मेहनत घेतात, कारण त्यात पैसा आहे. खरी हेळसांड होते ती मध्यमवर्गीय मराठी घरांतून बाहेर पडणाऱ्या जुन्या दागिन्यांची. मुंबईत आणि परदेशांत मधूनमधून चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, बुगड्या, वजरटीक विक्रीला येतात, आणि त्यांची वर्णने वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. मोत्यांच्या चौकोनी पेट्यांची, गळ्याला लगटून बसणारी चिंचपेटी ‘चोकर, भारत’ एवढ्यावर आटोपते. पुतळ्यांची माळ ‘सोन्याच्या नाण्यांचा हार’ होते. वस्तुतः पुतळ्या म्हणजे लक्ष्मीचा ठसा असलेल्या चकत्या, चलनातली नाणी नव्हेत, आणि नाण्यांचा संग्राहक त्या नाणी म्हणून घेईल तर फसेल. कोल्हापुरी साजात परंपरेने एकवीस पानड्या सांगतात: दशावताराच्या दहा, अष्टमंगळाच्या आठ, माणकाची व पाचूची अशा दोन आणि एक ताईत. त्यांपैकी किती शिल्लक आहेत, किती मागाहून घडवून जोडल्या आहेत, हे वर्णनात नसेल तर तो साज आहे की साजाचे अवशेष आहेत, हे घेणाऱ्याने ओळखायचे कसे? तन्मणीच्या बाबतीत तर खोड (मधले जडावाचे पदक) वेगळे आणि मोत्यांचे सर वेगळे विकले जातात. खोडातले हिरे जुने आणि सर काल-परवा ओवलेले, ही गोष्ट नित्याची आहे.

नथीचे थोडे विस्ताराने सांगतो. जुनी नथ हातात घेतली तर सोन्याच्या तारेवर ओवलेले बसऱ्याचे (इराणी आखातातील नैसर्गिक) मोती, मध्ये माणिक किंवा लाल खडा, आणि नाकात अडकवायच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला गुळगुळीतपणा दिसतो. मोती पूर्ण गोल नसतात, रंगात पिवळसर झाक असते, आणि भोकाच्या कडा झिजलेल्या असतात. जपानमधील संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, गोल मोती बाजारात येऊ लागले ते पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या नथीत संवर्धित मोती निघाले, तर एक तर नथ नवी आहे किंवा मोती बदललेले आहेत. मोती नैसर्गिक की संवर्धित हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. अशी तपासणी झाली आहे की नाही, हे एका वाक्यात लिहिणे लिलावगृहाला अवघड नाही. नथीचा फासा दाबाचा, म्हणजे न टोचलेल्या नाकावर चिमटून बसणारा आहे की टोचलेल्या नाकासाठीचा आहे, हेही सहज लिहिता येते, आणि दाबाचा असेल तर तो मुळातला की मागाहूनचा, हा पुढचा प्रश्न.

जडावाच्या कामात आणखी एक अडचण आहे. कुंदनकामात खड्याच्या मागे चांदीचे वा रंगीत वर्ख घातलेले असतात आणि खडा शुद्ध सोन्याच्या पट्टीने चहूबाजूंनी बंद केलेला असतो. तो बाहेर काढल्याशिवाय वजन करता येत नाही, आणि बाहेर काढला तर काम मोडते. त्यामुळे पोलकी (पैलू न पाडलेल्या) हिऱ्यांचे कॅरेटमधील वजन हा अंदाजच असतो, आणि तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांच्या दागिन्यांत लाख भरलेली असते. तिथे एकूण वजन आणि सोन्याचे वजन यांत मोठा फरक पडतो. आजच्या दागिन्यांवर हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो, जुन्यांवर तो असण्याचा संभव नाही. म्हणून शुद्धता कशी तपासली, कसोटीवर की यंत्रावर, आणि दागिन्याच्या कोणत्या भागाची, हे लिहिणे अगत्याचे आहे. रत्नांच्या बाबतीत पाचूमध्ये तेल भरणे आणि माणिक तापवणे हे व्यापारात सर्रास चालते. मोठी लिलावगृहे आपल्या अटींत खड्यांवर अशी प्रक्रिया झालेली असू शकते असे सरसकट सांगून मोकळी होतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल मोजक्या, महागड्या लॉटनाच (लिलावात एका क्रमांकाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूंनाच) जोडतात.

अटींचा विषय निघालाच आहे तर, कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवरील बारीक टाइप वाचण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी. वर्णन म्हणजे लिलावगृहाचे मत आहे, वस्तुस्थितीची हमी नव्हे, अशा अर्थाचे कलम तिथे बहुधा सापडतेच. क्रिस्टीजच्या अटींनुसार अस्सलपणाची हमी लॉटच्या शीर्षकातील मोठ्या अक्षरांत छापलेल्या मजकुरापुरती असते आणि तीही पाच वर्षांसाठी. खालच्या परिच्छेदात घराण्याची, दरबाराची आणि नजराण्याची कितीही रसभरीत हकीकत असली, तरी ती या हमीत येत नाही. हे बेकायदा आहे असे माझे म्हणणे नाही. निदान नियम लेखी आहे आणि उघड आहे. आपल्याकडील लहान लिलाव करणाऱ्यांकडे तर असा लेखी नियमही अनेकदा नसतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आजीची वजरटीक अशाच एका ठिकाणी विक्रीस दिली, तेव्हा ती ‘दक्षिण भारतीय कंठा’ म्हणून यादीत आली. कुटुंबाने लेखी हरकत घेतल्यावर उत्तर मिळाले की या नावाला मागणी अधिक आहे.

आता कालनिर्णयाविषयी. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. त्यामुळे भारतातील कॅटलॉगांत काही लॉटखाली ‘निर्यात करता येणार नाही’ अशी टीप असते, आणि ती टीप सर्वस्वी वर्णनातील काळावर अवलंबून असते. अशा परिस्थितीत ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ हा शब्दप्रयोग फार सोयीचा ठरतो, कारण त्यात १९१० सालची वस्तूही बसते आणि १९४५ सालचीही. पहिली कायद्याच्या कक्षेत येते, दुसरी येत नाही. जिथे घडवणाऱ्या सराफाची पावती, लग्नातील दागिन्यांची याद किंवा तारखेचे छायाचित्र उपलब्ध आहे, तिथे ते नमूद न करता असा सैल काळ लिहिणे याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, ती जाणूनबुजून केलेली सोय म्हणेन.

वर्णनाचे परिणाम किती दूरवर जातात, हे उत्तर प्रदेशातील पिप्रहवाच्या रत्नांनी दाखवून दिले. १८९८ मध्ये स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली ही रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात यायची होती. भारत सरकारने ती विक्रीची रत्ने नसून अस्थिधातूंचाच अविभाज्य भाग आहेत अशी भूमिका घेऊन कायदेशीर नोटीस दिली, लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलैअखेर ती भारतात परत आली. सोन्याचे पत्रे, मणी, स्फटिक हे शब्द चूक नव्हते. वाद होता तो त्या वस्तू कशाच्या सोबत होत्या, याला वर्णनात किती वजन द्यायचे यावर.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला माझी विनंती आहे की, रघुजींच्या तलवारीच्या वेळी ऐनवेळी जी धावपळ झाली तिच्याऐवजी देश-विदेशांतील प्रमुख लिलावगृहांचे कॅटलॉग प्रसिद्ध होताच वाचण्याची कायम व्यवस्था करावी. मोडी आणि देवनागरी लेख वाचणारा एक, शस्त्रे जाणणारा एक आणि जुन्या घडणावळीचा जाणकार सोनार एक, एवढी मंडळी त्यासाठी पुरेशी आहेत; पुणे, कोल्हापूर आणि नागपूर येथे ती मिळतीलही. मुंबईतील लिलावगृहांनी मराठी दागिन्यांच्या लॉटखाली दागिन्याचे प्रचलित नाव, प्रदेश, एकूण व निव्वळ वजन, बदललेले भाग आणि झालेल्या तपासण्या या गोष्टी मागणीची वाट न पाहता छापाव्यात. वस्तूच्या स्थितीचा अहवाल ‘विनंती केल्यास मिळेल’ असे आज लिहिलेले असते. तो लॉटसोबतच का देता येऊ नये, याचे उत्तर त्यांनी आपल्या पत्राच्या याच स्तंभातून दिल्यास वाचकांची सोय होईल.

आपला,
एक वाचक, पुणे