कॉम्प्युटरला माहिती होतं कुठून?

पिट्सबर्ग

ती. बाबांस,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कॉम्प्युटरला एवढं सगळं कोण सांगतं? कोणी बसून भरतं का?" आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते.

बसून भरण्याचा खटाटोपही झालाय. १९८४ साली सुरू झालेल्या 'साइक' प्रकल्पात माणसं वर्षानुवर्षं एकेक गोष्ट हातानं भरत होती. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटानं वेगळी वाट धरली. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी 'नेल' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला आणि तो रात्रंदिवस वेबवरची इंग्रजी पानं वाचू लागला. हाताशी दिलं होतं काय? शहर, कंपनी, खेळाडू असे काहीशे प्रकार, आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं. बस्स.

समजा, पॅरिस हे शहर आहे एवढं त्याला ठाऊक आहे. मग पॅरिस कुठल्या शब्दांच्या शेजारी येतं ते तो बघतो. 'अमुकचे महापौर' अशा जागी लिस्बन दिसलं की तेही शहर असणार. नवी शहरं सापडली की त्यांच्यावरून नव्या शब्दरचना, आणि त्यांच्यावरून पुन्हा शहरं. घोळ इथंच होतो, कारण एक चूक आत शिरली की ती पिल्लं घालते. इंटरनेटवरच्या 'कुकीज' (वेबसाइट्स आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदी; नाव मात्र बिस्किटांचं) त्यानं भट्टीतल्या पदार्थांत टाकल्या. लोक कुकीज डिलीट करतात, फाइल्सही डिलीट करतात; तेव्हा फाइल्ससुद्धा भट्टीतला पदार्थ! (आई हसेल, तिला वाचून दाखवा.)

यावरचा उतारा मला फार आवडला. एकच गोष्ट सुटी शिकवायची नाही, शेकडो एकदम शिकवायच्या, म्हणजे त्या एकमेकींना आवरतात. शहर असेल तर माणूस असू शकत नाही. महापौर कोण म्हटलं की उत्तर माणूसच हवं. शिवाय प्रोग्रॅमचा एक भाग वाक्यं बघतो, दुसरा याद्या आणि तक्ते, तिसरा शब्दाची घडण. सगळ्यांचं जुळलं तर भरवसा वाढतो. तरीही सुमारे चौथाई प्रकारांत तो भरकटलाच. पहिले सहा महिने मोकळा सोडल्यावर दर पंधरवड्याला माणसं प्रत्येक प्रकारावर पाचेक मिनिटं नजर टाकून ढोबळ चुका काढू लागली. 'आपोआप शिकतो' असं कोणी म्हणालं की मला ती पाच मिनिटं आठवतात.

२०१५ पर्यंत त्याच्याकडे ८ कोटींहून जास्त विधानं जमली होती. त्यातल्या बहुतेकांवर त्याचा स्वतःचाच पुरता विश्वास नव्हता, आणि तसं तो नोंदवूनही ठेवायचा: किती खात्री, कशावरून. आजचे चॅटबॉट त्याच्या कैक पट वाचून बसलेत, बोलतातही गोड. पण हे नेमकं कुठं वाचलंस म्हटलं की बऱ्याचदा गडबडतात. या बाबतीत मी जुन्या नेलच्या बाजूची.

आता तुम्ही विचारणार, "पण त्याला कळतं का काही?" त्यावर मी तिकडे आले की भांडू, फोनवर नको. आईला नमस्कार.

तुमची,
मनू