बाई, तुमच्या ‘कसं काढलंस?’साठी

प्रिय बाई,

तुमचं नाव लिहीत नाहीये, कारण चारचौघात कौतुक केलेलं तुम्हाला अजिबात चालत नाही, पण आपल्या शाळेतल्यांना आणि विक्रोळीहून पावणेसहाची ठाणे लोकल पकडणाऱ्या आपल्या लेडीज डब्यातल्या सगळ्यांना कळेलच. ३१ मेला तुमच्या निरोप समारंभात मला दोन मिनिटं दिली होती आणि मी नुसती रडत उभी राहिले, बोलायचं ते राहूनच गेलं. ते आज लिहितेय.

मी शाळेत लागले तेव्हा मला वाटायचं की आपल्याला गणित येतं म्हणजे शिकवताही येतं. फळ्यावर रीत लिहायची, दोन उदाहरणं सोडवून दाखवायची, दहा घरी करायला द्यायची. वर्ग शांत, वह्या पूर्ण. डीएडला ज्ञानरचनावाद शिकले होते, तो मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि व्हायगॉट्स्की दोघंही १८९६ साली जन्मले इथपर्यंत पाठ होतं, पण मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं म्हणजे सोमवारी सकाळी सहावीच्या वर्गात नेमकं काय करायचं ते कोणी दाखवलंच नव्हतं. २०१५ साली सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, ट्रेनिंगं झाली, आम्ही हौसेने वर्गाच्या फरशीवर आकडे रंगवले, मणी-काड्या आणल्या, आणि शिकवणं मात्र होतं तसंच राहिलं.

मग तो अपूर्णांकांचा तास. तुम्ही मागच्या बाकावर वह्या तपासत बसला होतात. १/२ + १/३ किती, तर एका मुलाने फळ्यावर २/५ लिहिलं. मी डस्टर उचललं, समच्छेद कर म्हणून किती वेळा सांगितलंय असं म्हणणारच होते, आणि तुम्ही मागून म्हणालात, “थांब गं जरा. काय रे, कसं काढलंस?”

तो म्हणाला, “बाई, शनिवारी आमच्या दोन मॅच झाल्या, एक जिंकलो. रविवारी तीन झाल्या, एक जिंकलो. पाचपैकी दोन.”

बाई, मला घाम फुटला होता, कारण त्याचं बरोबर होतं! मॅचचा हिशोब तसाच करतात. तुम्ही त्याला चूक म्हणाला नाहीत, बरोबरही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, “अर्धी भाकरी खाल्लीस, वर अजून एक तृतीयांश खाल्लीस, तर आता अर्धीपेक्षा जास्त खाल्लीस की कमी?” “जास्त.” “आणि २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?” तो कितीतरी वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला की मॅच दोन दिवसांच्या वेगवेगळ्या आहेत, भाकरी एकच आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या एकसारख्या पट्ट्या कापून आणल्यात. अर्धा भाग रंगवा, त्याच्या पुढे तृतीयांश रंगवा, आता उरलेल्या पांढऱ्या तुकड्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा, एवढंच सांगितलंत. पूर्ण तास गेला, मला आत धाकधूक, पोर्शन राहतोय. शेवटी खिडकीजवळच्या एका मुलीने तो पांढरा तुकडा कापून सगळीकडे ठेवून पाहिला आणि ओरडली, हा अर्ध्यात तीनदा बसतो, तृतीयांशात दोनदा! म्हणजे सहापैकी पाच. लसावि हा शब्द मी तिसऱ्या दिवशी सांगितला तेव्हा त्यांना तो हवाच होता.

ट्रेनमध्ये शिकले तेही थोडं नाही. २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी वीस एक, वीस दोन आलं, केवढा गदारोळ झाला, लोक बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांवर तुटून पडले, मीही डब्यात तावातावाने बोलत होते की आपले आकडे बदलायचे कशाला. तुम्ही वाद घातला नाहीत. “उद्या दुसरीत जा आणि सत्तावीस, एकोणतीस लिहायला सांग,” एवढंच. किती मुलांनी ७२ लिहिलं, ३९ लिहिलं! सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात, एकोणतीसमध्ये तर तीसच ऐकू येतं, मूल ऐकतं तेच लिहितं. मला अजूनही एकवीस-बावीसच म्हणायला आवडतं, पण त्या दिवसापासून मी दहा-दहा काड्यांचे जुडगे हातात दिल्याशिवाय एकोणतीस शिकवलेलं नाही. तीन जुडग्यांना एकच काडी कमी, मग नावात तीस का ते मुलंच सांगतात.

आणि स्मार्ट बोर्ड. तो आला तेव्हा मी त्रिकोणाच्या कोनांचा व्हिडिओ लावला, मुलांनी मन लावून पाहिला, आणि आठवड्याने विचारलं तर कोणालाच काही सांगता येईना. तुम्ही म्हणालात, “आधी हात, मग पडदा.” म्हणून प्रत्येकाने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा आपापला त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले, सरळ रेष झाली. कोनमापकाने मोजलं तर कोणाचे १७८, कोणाचे १८१, भांडणं लागली. मग बोर्डावर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. २००१ साली मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात बनवायला घेतलेलं, शाळांना फुकट, आपल्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे, आणि मी ते कधी उघडलंच नव्हतं. एकेक जण येऊन शिरोबिंदू ओढत होता, त्रिकोण पार चपटा होत होता, तीनही आकडे पळत होते आणि बेरीज १८०वरून हलत नव्हती. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, पण जगातले सगळे त्रिकोण कुठे ओढून बघितलेत आपण? तुमचा चेहरा तेव्हा किती खुलला होता बाई! मग समांतर रेषा काढून सिद्धता केली, आणि पहिल्यांदाच सिद्धता मागून घेतली गेली.

त्या मॅचवाल्या मुलासाठी, त्या पांढऱ्या तुकड्यासाठी, आणि मला सगळ्यांसमोर कधीही न टोकता बाजूला घेऊन सांगितल्याबद्दल मनापासून आभार. मी अजूनही घाई करते, डस्टर हातात येतंच, मग तुमचं ‘थांब गं’ ऐकू येतं.

या वर्षी सातवीला ऋण संख्या सुरू केल्यात. ऋण गुणिले ऋण धन का, असं एका मुलीने विचारलंय आणि मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, वर्ग दोन दिवस त्यावर भांडतोय. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला सुटते. या ना एकदा. पट्ट्यांचा डबा तुमच्याच कपाटात आहे, चावी मी अजून ऑफिसात दिलेली नाही.

तुमची,
शेजारच्या वर्गातली