मेलबर्नमध्ये आपण सर्बियाशी हरलो नव्हतो

महोदय,

भारतीय फुटबॉलच्या सोनेरी दिवसांवरील आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा उपांत्य सामना ‘सर्बिया ४, भारत १’ असा छापला आहे. सामना युगोस्लाव्हियाशी झाला होता; सर्बिया हे त्या देशातल्या सहा प्रजासत्ताकांपैकी फक्त एक. मुंबईचं कूपरेज मैदान गाजवणाऱ्या नेव्हिल डिसूझांनी त्यात आधी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली होती. नंतरच्या चारांपैकी दोन गोल झ्लातको पापेकचे, आणि तो क्रोएशियाचा. एक आपलाच स्वयंगोल. राहिला व्हेसेलिनोविचचा; तेवढा सर्बियाच्या खात्यावर घाला हवा तर!

फिफा युगोस्लाव्हियाची कामगिरी सर्बियाच्या नावे मांडते, हे मला ठाऊक आहे. तिला कारभारासाठी कोणीतरी वारस लागतो. (पूर्व जर्मनीचा हिशेब मात्र ती अजून वेगळाच ठेवते.) वर्तमानपत्राला अशी काही अडचण नाही.

युगोस्लाव्हियाचा १९९०च्या विश्वचषकातला संघच पाहा. गोलरक्षक इव्हकोविच क्रोएशियाचा, हाजीबेगिच बोस्नियाचा, कातानेत्स स्लोव्हेनियाचा, साविचेविच मॉन्टेनेग्रोचा, पान्चेव्ह मॅसिडोनियाचा आणि स्टोयकोविच सर्बियाचा. सहाही प्रजासत्ताकं एका संघात. फ्लॉरेन्सला उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध अर्ध्या तासातच त्यांचा एक खेळाडू बाहेर गेला. तरीही उरलेल्या दहा जणांनी जादा वेळ संपेपर्यंत गोल होऊ दिला नाही. पेनल्टीत इव्हकोविचने साक्षात मॅराडोनाला अडवलं, तरी हरलेच.

पुढे १९९२च्या युरो स्पर्धेसाठी हा संघ पात्रही ठरला. पात्रता फेरीत सर्वाधिक, १० गोल पान्चेव्हचे. पण तोवर देश फुटला होता. प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम मूळचे बोस्नियातल्या सारायेव्होचे; शहराला वेढा पडला तेव्हा त्यांची पत्नी आणि मुलगी आतच अडकल्या होत्या. मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. काही दिवसांतच संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे स्वीडनमध्ये पोचलेल्या संघाला परत पाठवलं गेलं. त्यांच्या जागी ऐनवेळी बोलावलेला डेन्मार्क थेट विजेता झाला! ओसिम यांच्या संघाला ‘सर्बिया’ म्हणणं मला तरी जमत नाही.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती. मेलबर्नचा अंतिम सामनाही त्यात घेणार असाल, तर युगोस्लाव्हियाला १-० ने हरवणारा संघ सोव्हिएत संघाचा होता. तिथे ‘रशिया’ नको.

आपला,
एक वाचक, डोंबिवली